गिरनार, गीर आणि मामाचे प्रश्न

शुक्रवार

गुरुवारी रात्री जेवून नारायणगावहून निघालो आणि नाशिक, पेठ, धरमपूर करत सकाळी सुरतेच्या पलीकडे हजिऱ्याला पोचलो. इथून घोघ्याला फेरी जाते, गाडी बोटीच्या पोटात घालायची आणि आपण वर एसीत बसायचं, खंबातचं आखात ओलांडून साधारण चार तासांत भावनगरजवळ उतरायचं. नाहीतर रस्त्याने वडोदऱ्याकडून मोठा वळसा पडतो. दादाला ड्रायव्हिंगमधून सुट्टी मिळाली म्हणून तो खूश, आई समुद्र बघून खूश, मामा मात्र खालच्या डेकवरच्या ट्रकवाल्यांशी कांद्याच्या भावावर बोलत बसला.

ट्रिप खरं तर आईची. गिरनारला जाऊन दत्तमहाराजांच्या पादुकांवर डोकं टेकवायचं हे तिचं किती वर्षांचं चाललेलं, आणि गिरनारपर्यंत जातोच आहोत तर पुढे सासण गीर करून येऊ, सिंह बघू, हा माझा हट्ट. मामा शेवटच्या क्षणी गाडीत बसला. त्याचं कारण वेगळं होतं. आमच्याकडे जुन्नर-शिरूर पट्ट्यात बिबट्याचं काय चाललंय ते सगळ्यांना माहितीये. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेडला लागोपाठ माणसं गेली, लोकांनी पुणे-नाशिक हायवे अडवला, रानात जाणाऱ्या बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून फिरायला लागल्या. मामाच्या दोन शेळ्या आणि राखणीचा कुत्रा आधीच गेलेला, ऊस तर घराला लागूनच आहे. त्यामुळे मामाचं म्हणणं एकच, "आपल्याला बिबट्या झेपंना आणि ते लोक म्हणे सिंहाबरोबर राहत्यात, जरा बघून येऊ खरं का खोटं."

घोघ्याहून अमरेलीमार्गे जुनागढ. अमरेली जिल्हा लागला तशी दुतर्फा कापसाची आणि गव्हाची शेतं, मध्येच बाभळी, लांबपर्यंत सपाट माळ, जंगल कुठेच नाही. आणि 2025 च्या मे महिन्यात जी गणती झाली त्यात सगळ्यात जास्त सिंह ह्याच अमरेली जिल्ह्यात निघाले! एकूण आकडा 891. त्यातले गीरच्या राखीव जंगलात 384 आणि बाकीचे 507 बाहेर, म्हणजे नदीकाठच्या झुडपात, गायरानात, लोकांच्या वावरात. मी हे गाडीत वाचून दाखवलं तर आई म्हणाली काच वर कर आधी.

चहाला थांबलो तिथल्या टपरीवाल्याला मामाने विचारलंच, इकडे सिंह येतो का. तो म्हणाला, "सावज? परवा रात्रीच गेला, ह्या समोरच्या रस्त्याने." आणि चहा ओतत राहिला. सिंहाला इकडे सावज म्हणतात. मामाने माझ्याकडे असं बघितलं की हा माणूस फेकतोय. पण दुकानातल्या मोबाईलवर सीसीटीव्हीचा व्हिडिओ होता, दोन माद्या आणि मागे तीन मोठी पिल्लं निवांत डांबरी रस्त्यावरून चाललीयेत, बाजूला कुत्री भुंकतायत.

जुनागढला रात्री पोचलो. धर्मशाळेत खिचडी-कढी खाऊन आडवे.

शनिवार

गिरनारबद्दल मराठीत इतकं लिहून झालंय की मी परत पायऱ्या मोजत बसत नाही. 2020 पासून रोपवे आहे तो अंबाजीच्या देवळापर्यंत नेतो, तिथून पुढे गोरखनाथ, मग उतार आणि परत चढ करून दत्तशिखर. आई रोपवेने वर गेली आणि पुढे डोलीत बसली, आम्ही तिच्या मागे धापा टाकत. वारा सुटला की रोपवे बंद पडतो त्यामुळे सकाळी लवकरचा नंबर लावा. पादुकांपाशी अर्ध्याच्या वर माणसं मराठी, सांगलीची, नाशिकची, ठाण्याची, रांगेत सगळीकडून "दिगंबरा दिगंबरा". आईच्या डोळ्यांतनं पाणी थांबेना. मामापण हळवा झाला होता पण तो ते कबूल करणार नाही.

सिंहाचा विषय इथेपण आहेच, कारण गिरनारच्या भोवतीचं जंगल 2008 पासून अभयारण्य आहे आणि त्यात पन्नासच्या वर सिंह राहतात, बिबटे वेगळे. आपण वर "अवधूत चिंतन" म्हणत चाललेलो असतो आणि खालच्या झाडीत कोणतरी झोपलेलं असतं. डोलीवाल्यांपैकी एक जण वयस्कर होता, तो म्हणाला की पहाटे अंधारात पायऱ्या चढताना त्याला तीनचारदा दिसलाय, आपण थांबायचं, बाजूला होऊन वाट द्यायची, पाठ दाखवून पळायचं नाही, तो निघून जातो. कार्तिकात इथे लीली परिक्रमा असते, कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा असे चारपाच दिवस लाखो माणसं ह्या जंगलातून 36 किलोमीटर चालतात, तेव्हा फॉरेस्टची माणसं वाटेवर ठिकठिकाणी उभी असतात. मला विचाराल तर इतकी गर्दी आणि इतका प्लास्टिक कचरा जंगलात न्यावा का हा प्रश्न आहेच, पण तो इथल्या लोकांनी सोडवायचा, आपण आपल्या वारीतला कचरा बघावा आधी.

उतरल्यावर पायथ्याचा अशोकाचा शिलालेख बघितला. एका मोठ्या दगडावर अक्षरं कोरलीयेत, त्यात जनावरं मारू नका असं पण आहे. मग सक्करबाग. हे प्राणिसंग्रहालय 1863 चं, नवाबाच्या काळातलं, आणि आशियाई सिंहाचं पैदास केंद्र इथलंच. 2022 ला बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सिंहाची जोडी आली ना, ती गुजरातकडूनच आली, बदल्यात आपण वाघाची जोडी दिली.

जुनागढच्या नवाबांची एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. हा सिंह एकेकाळी सिरिया, इराणपासून पार हरियाणा, मध्य प्रदेशापर्यंत होता. बंदुका आल्या आणि साहेबांनी, राजेरजवाड्यांनी मिळून तो संपवला, उरला फक्त इथे नवाबाच्या शिकारीच्या राखीव जंगलात. त्यात 1899-1900 चा छप्पनियो दुष्काळ पडला, रानातली जनावरं मेली, सिंह गावात शिरून गुरं आणि माणसं मारायला लागले, म्हणजे तेव्हा त्याला मारून टाकायला कारण तयार होतं. 1900 साली लॉर्ड कर्झन शिकारीला यायचा होता पण किती कमी उरलेत हे कळल्यावर त्याने शिकार केली नाही आणि नवाबाला ते राखायला सांगितलं असं सांगतात. नवाबाने शिकारीला चाप लावला. आज जे 891 आहेत ते सगळे त्या मूठभर उरलेल्यांची पोरंबाळं. मामा म्हणाला, "म्हंजे सगळी एकाच घरातली." हो, आणि तोच घोटाळा आहे, पण ते सोमवारी.

रविवार

जुनागढहून मेंदरडामार्गे सासण दीडेक तासाचं. सासण म्हणजे एक गल्ली आहे, सिंहसदन (वनखात्याचं विश्रामगृह, सफारी इथूनच सुटते), जिप्सींची रांग, टोप्या विकणारे, आणि प्रत्येक हॉटेलच्या नावात सिंह नाहीतर गीर. सफारीचं परमिट आम्हाला सोमवार सकाळचं मिळालेलं (ऑनलाईनच काढावं लागतं, सुट्टीच्या दिवसांचं आधीच संपतं), म्हणून रविवारी दुपारी देवळिया केलं. कुंपण घातलेलं मोठं रान, बसमधून फिरवतात, सिंह हमखास दिसतो. दिसला. एक नर रस्त्याच्या कडेला आडवा पडून पोट वर करून झोपला होता, बसमधली पन्नास माणसं ओरडतायत तरी त्याने कान हलवला नाही. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे किंवा बरोबर म्हातारी माणसं, लहान मुलं आहेत त्यांना बरं आहे, एवढंच.

खरी मजा संध्याकाळी आली. आम्ही राहिलो होतो ते तालाळ्याच्या बाजूला एका आंबाबागेतल्या होमस्टेत. हा सगळा केशरचा इलाका, गीर केशरला 2011 साली जीआय टॅग मिळालाय. फेब्रुवारी असल्यामुळे झाडं मोहोराने लगडलेली, वास इतका की आईला जुन्नरची आमराई आठवली. बागेचे मालक साठीचे, त्यांना सगळे बापा म्हणत होते म्हणून आम्हीपण बापाच म्हणालो. मामाने चहा होईस्तोवर पण धीर धरला नाही, सुरूच केलं, अर्धं हिंदी, अर्धं मराठी आणि उरलेलं हाताने.

मामा: बागेत सिंह येतो?
बापा: येतो म्हणजे? उन्हाळ्यात दुपारचा इथेच असतो. सावली गार, पाटाला पाणी, त्याला दुसरं काय पाहिजे.
मामा: मग तुम्ही?
बापा: आम्ही त्या बाजूचं काम संध्याकाळी करतो.

मामाला हे पचेना. त्याने विचारलं की हाकलत का नाही, फॉरेस्टला बोलवून पिंजरा का लावत नाही. बापा हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या मते ह्या सगळ्या विषयाची किल्ली आहे. त्यांचं खरं वैर आहे नीलगाय आणि रानडुकराशी. नीलगाईंचा कळप एका रात्रीत गहू तुडवून जातो, डुकरं भुईमूग उपटून खातात, आणि शेतात सावजाचा वावर असला की हे दोन्ही लांब राहतात. म्हणजे राखणदाराला पगार न देता रात्रीची राखण. वर्षाकाठी एखादी गाय, एखादं वासरू गेलं तरी हिशोब जमतो असं त्यांचं म्हणणं. आणि गुरं गेली तर फॉरेस्टचा माणूस येऊन पंचनामा करतो आणि पैसे मिळतात, उशिरा का होईना पण मिळतात. जाफराबादी म्हशीचा बाजारभाव लाखाच्या वर जातो, तेवढे मिळत नाहीत ही तक्रार त्यांनीपण केलीच.

मामा गप्प झाला. मग म्हणाला, "बिबट्या पण डुकरं खातो की आमच्याकडं." बापा म्हणाले बिबट्याचं वेगळं, दिपडा आमच्याकडेपण आहे आणि त्याचीच आम्हाला भीती वाटते. दिपडा म्हणजे बिबट्या. इकडेपण उसाचे फड आहेत, गुळाची गुऱ्हाळं आहेत, आणि बिबट्या उसात राहतो, लपून येतो, अंगणातनं पोर उचलतो. माणसावरचे हल्ले ह्या भागातही सिंहापेक्षा बिबट्याचेच जास्त. सिंह उघड्यावर चालतो, दिसतो, गुरगुरून सांगतो की मी आहे. हे ऐकल्यावर मला वाटलं की आपण "गीरला जमतं मग जुन्नरला का नाही" असं जे सहज बोलून जातो ते किती अर्धवट आहे. जनावर वेगळं, सवयी वेगळ्या. आमच्याकडचा माणूस कमी सहनशील आहे असं काही नाही.

मग बापांनी विहीर दाखवली. हा भाग उघड्या विहिरींनी भरलेला, कठडा नसलेल्या, जमिनीला सपाट. नीलगाईच्या मागे धावता धावता रात्रीचा सिंह आत पडतो, कितीतरी असे बुडून मेले. मग सरकारच्या आणि संस्थांच्या पैशांतून हजारो विहिरींना कठडे बांधले गेले, शेतकऱ्याच्या खिशाला फारसा चाट न बसता. बापांच्या विहिरीचा कठडा मामाने हाताने चाचपून बघितला, उंची कमरेच्या वर, दगड-सिमेंट, खर्च किती आला, कुणी दिला, ठेकेदार कोण, सगळं विचारून झालं. सिंह वाचवायचं काम म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे जंगलातली जीप आणि बंदूकधारी गार्ड येतात, इथे ते काम गवंड्याने केलंय.

दुसरा मुद्दा विजेचा. शेतीची लाईट रात्री येते म्हणून शेतकऱ्याला रात्री पाणी द्यायला जावं लागतं, आणि जनावर पण रात्रीच फिरतं. हे आमच्याकडे शब्दशः असंच आहे, दिवसा लाईट द्या म्हणून मोर्चे निघतात. गुजरातने 2020 साली दिवसा वीज द्यायची योजना काढली तेव्हा पहिल्या टप्प्यात जुनागढ आणि गीर सोमनाथ हे जिल्हे घेतले होते. बापा म्हणाले आता बरंचसं दिवसाच उरकतं. शेतात झोपणाऱ्यांसाठी फॉरेस्टने उंच मचाण पण दिलेत, कारण उघड्यावर जमिनीवर झोपलेला माणूस हीच सगळ्यात वाईट गोष्ट. 2016 ला धारी तालुक्यात आंबरडीच्या आसपास सिंहांनी तीन माणसं मारली होती, तेव्हा सतराएक सिंह पकडून कोण नरभक्षक आहे ते त्यांची विष्ठा तपासून शोधलं आणि त्या नराला कायमचं पिंजऱ्यात ठेवलं. म्हणजे सगळं गोडगोड आहे असं अजिबात नाही. बापांच्या सुनेने जेवण वाढताना हळूच सांगितलं की पोरगी संध्याकाळी क्लासवरून येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसतो, ह्यांचं काय जातं चौकीदार चौकीदार म्हणायला. हे बापांसमोर ती बोलली नाही.

जेवण फार भारी होतं, बाजरीचा रोटला, रिंगणाचं भरीत, लसणाची चटणी, गूळ आणि ताक. मामाने चार रोटले खाल्ले.

सोमवार

पहाटे साडेपाचला सिंहसदनला. थंडी चांगलीच होती, उघड्या जिप्सीत स्वेटर, कानटोपी सगळं लागतं. गाईड सक्तीचा असतो, आमचा गाईड बावीस-तेवीसचा पोरगा, तोंडात मावा आणि डोक्यात सगळं जंगल. गेटवर ओळखपत्रं तपासायला एक बाई फॉरेस्ट गार्ड होत्या, खाकीत, हातात वॉकीटॉकी. गुजरातने 2007 पासून इथे बायकांची भरती केली, आणि बिबट्या, सिंह, अजगर पकडणाऱ्या रेस्क्यू टीममध्ये त्या पुढे असतात, रसीला वाढेर ह्यांचं नाव पेपरात वाचलं असेल तुम्ही. आईने त्यांना विचारलं घरचे काही म्हणत नाहीत का. त्या म्हणाल्या, आधी म्हणायचे, आता पगार दिसतो.

गीरचं जंगल म्हणजे ताडोबासारखा हिरवा बांबू नाही. सागाची वठलेली झाडं, पिवळं गवत, बोरी, खैर, आणि सगळ्यावर धूळ. सिंहाचा रंग बरोब्बर ह्या गवताचा. चितळं मात्र ढिगाने, सांबर, मोर, हिरण नदीच्या डोहाकाठी मगरी. गाईडने एक सांगितलं ते मला आवडलं, 1970 च्या दशकात इथल्या सिंहाच्या खाण्यात तीन चतुर्थांश पाळीव गुरंच असायची कारण रानात चितळ, सांबरच उरले नव्हते. 1965 ला अभयारण्य झालं, मग चराई कमी केली, 1975 ला नॅशनल पार्क झालं, गवत वाढलं, चितळं वाढली, आणि सिंह परत रानातलं खायला लागला.

सिंह दिसले का? दिसले. पाऊण तास काहीच नाही, मग वॉकीटॉकी खरखरली आणि गाईड ड्रायव्हरला म्हणाला जवा दे, म्हणजे जाऊ दे. वळणावर एक ट्रॅकर उभा, अंगात साधा शर्ट, हातात फक्त काठी, आणि त्याच्यापासून तीसेक पावलांवर दोन माद्या आणि चार बच्चे. बच्चे एकमेकांच्या शेपट्या ओढत होते. एक मादी उठली, ट्रॅकरकडे बघितलं, त्याने काठी जमिनीवर टेकवून काहीतरी पुटपुटलं, ती परत बसली. मामा माझ्या कानात म्हणाला, "ह्याला पगार किती आसंल?" मी विचारलं नाही, पण प्रश्न बरोबर होता. हे ट्रॅकर बरेचसे आजूबाजूच्या गावांतलेच, रोज सकाळी पायी जाऊन कोणता कळप कुठे आहे ते बघतात, जखमी असेल तर कळवतात. नर बरोबर नव्हता. गीरमध्ये नर माद्यांच्या कळपात कायमचे राहत नाहीत, दोन-तीन नर जोडीने वेगळे फिरतात आणि अधूनमधून भेटतात. आईचं मत: "बरंय की."

परतताना एक नेस लागला. नेस म्हणजे मालधाऱ्यांची वस्ती, मातीची घरं आणि भोवती काट्यांचं उंच कुंपण, रात्री म्हशी आत. आपल्याला आत जायची परवानगी नसते. पण सासणला दूध घालायला आलेला एक मालधारी चहाच्या टपरीवर भेटला, पांढरा चोरणो-केडियू, कानात सोनं. रबारी, चारण, भरवाड असे हे लोक, पिढ्यान्‌पिढ्या सिंहाच्या दारात म्हशी चारणारे. त्यांच्या जाफराबादी म्हशी सिंह आला की शिंगं बाहेर करून गोल करतात, मध्ये रेडकं. तो म्हणाला म्हैस सहसा नाही जात, गाय जाते, भाकड आणि आजारी जनावर जातं. आणि गेलं तर? "त्याचा पण वाटा आहे." मी मनात म्हटलं हे टुरिस्टला सांगायचं वाक्य आहे, पण तो पुढे जे बोलला ते टुरिस्टसाठी नव्हतं. पार्क करताना शेकडो कुटुंबं बाहेर काढली, त्याचे काका त्यात होते, त्यांना जमीन मिळाली पण शेती कधी केली नव्हती, म्हशी विकल्या, आता पोरं दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी करतात. जे आत राहिले त्यांना लाईट नाही, शाळा लांब, लग्नाला मुली मिळत नाहीत. सिंह राखल्याचं कौतुक सगळ्या जगाने ह्या लोकांचं करायचं आणि जंगलाबाहेरही ह्यांनाच काढायचं, मला हे कळलं नाही. कळायला दोन दिवस पुरणार पण नाहीत.

दुपारी गाईड परत भेटला, त्याला कुनोबद्दल विचारलं तर गडी एकदम तापला. सुप्रीम कोर्टाने 2013 ला सांगितलं होतं की सहा महिन्यांत काही सिंह मध्य प्रदेशात कुनोला हलवा. ते झालं नाही, आणि 2022 ला तिथे चित्ते आले. गाईडचं म्हणणं सावज आमचा आहे, आमच्या माणसांनी राखलाय, दुसरीकडे नेऊन मारणार तुम्ही. त्याचा अभिमान मला पटतो, नाही असं नाही, ह्या अभिमानानेच तर जनावर वाचलंय. पण सगळे सिंह एका भागात, आणि मामा म्हणाला तसे सगळे एकाच घरातले, म्हणजे एखादी साथ आली तर सगळेच धोक्यात. 2018 ला दलखाणिया रेंजमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात 23 सिंह मेले, कॅनाइन डिस्टेंपर, कुत्र्यांचा आजार, अमेरिकेतून लस मागवावी लागली. 1994 ला टांझानियात सेरेंगेटीत ह्याच रोगाने एक तृतीयांश सिंह गेले, पण आफ्रिकेत दुसरीकडे सिंह होते. इथे दुसरीकडे कुठे आहेत? पोरबंदरजवळ बरडा डोंगरात 2023 ला एक नर आपणहून गेला, 2025 च्या गणतीत तिथे 17 निघाले, 1879 नंतर पहिल्यांदा, आणि हे चांगलंच आहे. पण बरडासुद्धा सौराष्ट्रातच, तीच कुत्री, तीच गुरं. माझं मत कुनो नाही तर नाही, पण लांब कुठेतरी दुसरं घर पाहिजेच. गाईडशी वाद घातला नाही, मावा खाऊन तो शांत झाल्यावर आम्ही फोटो काढला.

संध्याकाळी जांबूरला जाऊन आलो, सिद्दी लोकांचं गाव, शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, अस्खलित काठियावाडी बोलतात. धमाल नाच बघायचा होता पण तो दिवस नव्हता, पोरं क्रिकेट खेळत होती, दादा त्यांच्यात जाऊन पहिल्याच बॉलला आऊट झाला.

मंगळवार

परतीला मुद्दाम किनाऱ्याचा रस्ता घेतला, उना, राजुला, महुवा, भावनगर. राजुलाजवळ पिपावाव बंदर आहे आणि बंदरातून कंटेनरच्या मालगाड्या ये-जा करतात. ह्या पट्ट्यात जंगल नावाला नाही, बाभूळबन, मिठागरं, कारखाने, आणि सिंह! रुळावर चालणं त्यांना आवडतं म्हणे, आणि गाडीखाली येऊन कितीतरी मेले. हायकोर्टात प्रकरण गेलं, रात्रीचा वेग कमी केला, काही ठिकाणी जाळीचं कुंपण घातलं, आणि रुळाच्या बाजूने टॉर्च घेऊन फिरायला माणसं ठेवली. ड्रायव्हरने इमर्जन्सी ब्रेक मारून सिंह वाचवला अशा बातम्या रेल्वेच्या भावनगर डिव्हिजनकडून नेहमी येतात.

फाटक बंद होतं म्हणून थांबलो तिथेच असा एक ट्रॅकर झाडाखाली सायकल लावून बसलेला. मामा खाली उतरलाच. रात्रभर किती चालता, सिंह दिसला तर काय करता, ड्रायव्हरला कळवता कसं. तो म्हणाला लाल टॉर्च दाखवायचा, फोन करायचा, आणि वेळ असेल तर सावजाला आवाज देऊन उठवायचं. आवाज देऊन म्हणजे? म्हणजे "हालो, हालो, उठो" असं. मामा इतका हसला की फाटकवाला बघायला आला. मग ट्रॅकरने पण मामाला विचारलं, तुमच्याकडे काय आहे? मामाने सगळं सांगितलं, ऊस, बिबट्या, शेळ्या, पिंपरखेड. तो माणूस बराच वेळ ऐकत होता, मग म्हणाला की तुमच्या गावात फोन करायला माणूस कोण आहे? इथे गावागावात वन्यप्राणी मित्र नेमलेत, गावचाच पोरगा, 2007 ला शिकारी टोळीने सिंह मारले त्यानंतरची ही गोष्ट, मध्य प्रदेशातली टोळी होती, शिक्षाही झाल्या. काहीही दिसलं, कुणी तारेत करंट सोडला, कुणाची गाय गेली, की पहिला फोन त्याला आणि तो फॉरेस्टला. मामा म्हणाला आमच्याकडे रेस्क्यू टीम आहे, माणिकडोहला बिबट्यांचं केंद्र पण आहे, पण आधी जमतो तो जमाव आणि मग पोचते ती गाडी.

तिथून पुढे भावनगरपर्यंत मामा गाडीत एकच बोलत होता की कठड्याचं आपण पण ग्रामसभेत घ्यायचं, दिवसा लाईटचं घ्यायचं, पण डुकराचं गणित बिबट्याला लागू नाही म्हणजे लोकं ऐकणार नाहीत, म्हणजे पैसे तरी लगेच मिळायला पाहिजेत. दादा म्हणाला तू सरपंचाला उभा राहा. आई झोपली होती.

इथलेही सगळे खूश आहेत असं समजू नका. 2024 च्या सप्टेंबरात गीरभोवती इको सेन्सिटिव्ह झोनचा, म्हणजे बांधकाम वगैरेवर बंधनं असलेल्या पट्ट्याचा, मसुदा निघाला, 196 गावं त्यात, तर तालाळ्यापासून अमरेलीपर्यंत शेतकरी रस्त्यावर उतरले. बापाच सांगत होते, घर बांधायला, बोअर घ्यायला पण परवानगी मागायची का आता, सावज सांभाळला त्याचं हे बक्षीस? हेच बापा सिंहाला चौकीदार म्हणत होते.

जाणार असाल तर थोडं कामाचं. जंगल 16 जून ते 15 ऑक्टोबर बंद असतं, देवळिया तेव्हाही चालू असतं. परमिट फक्त सरकारी वेबसाईटवरून काढा, बुकिंगला जे ओळखपत्र दिलं तेच ओरिजिनल बरोबर ठेवा. जमलं तर सकाळची सफारी घ्या. किनाऱ्याने येणार असाल तर फेरीचं तिकीट आधीच काढा, गाडीची जागा भरते. आणि रात्री कुणी हळूच येऊन म्हणालं की चला, दोन हजारात रानात सिंह दाखवतो, म्हैस बांधून ठेवलीये, तर सरळ नाही म्हणा. तो गुन्हा आहे, पकडलं तर तुम्हीपण आत जाता, आणि माणसाच्या हातचं खायची सवय लागलेला सिंह नंतर कुणाच्यातरी अंगणात जातो. आम्हालाही एकाने विचारलं होतं, मामाने त्याला विचारलं की म्हैस कुणाची आहे आणि तिचं दूध किती होतं, तो निघूनच गेला.